गाण्यातून टीव्ही, टीव्हीतून धंदा : हे गणित नेमकं बसतं कसं? (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठ

ऑर्केस्ट्रात नाहीतर अल्बमवर नाव झालेला गायक टीव्हीवर सूत्रसंचालक होतो आणि काही वर्षांत त्याच्या नावाची हळद, साडी किंवा लिपस्टिक दुकानात दिसायला लागते. यावर आपल्याकडच्या गप्पा 'नशीब काढलं बघ' इथवरच जातात. या धाग्यात कामाचं बोलू: माईक, करार, कर, माल, छपाई. सगळं.

सुरुवातीला एक उदाहरण, कारण त्यात सगळं आलंय. जेसिका सिम्पसन. जन्म १९८०, टेक्सास. पहिला पॉप अल्बम १९९९. एमटीव्हीवर २००३ ते २००५ संसाराचा रिॲलिटी शो. गाण्याने झालं नव्हतं एवढं नाव त्याने झालं. २००५ मध्येच पादत्राणांच्या धंद्यातल्या विन्स कामुटो यांच्याबरोबर स्वतःच्या नावाचे बूट-चपला काढले, पुढे बॅगा, जीन्स, अत्तरं. २०१० मध्ये व्हीएच-वन वर देशोदेशीच्या सौंदर्यकल्पनांवरच्या कार्यक्रमाची ती सूत्रधार होती, २०१२ मध्ये एनबीसीवरच्या फॅशन स्पर्धेत मार्गदर्शक.

आता गंमत बघा. २०१५ मध्ये या ब्रँडचा ६२.५ टक्के हिस्सा सीक्वेन्शियल ब्रँड्स ग्रुपने घेतला. तिच्या बाजूला ३७.५ टक्के राहिले. २०२१ च्या ऑगस्टअखेर सीक्वेन्शियल दिवाळखोरीत गेली. बूट खपत होते, गिऱ्हाईक होतं, पण तिच्या नावाचा मोठा हिस्सा दुसऱ्याच्या कर्जापायी विक्रीला निघाला. जेसिका आणि तिच्या आईने सुमारे साडेसहा कोटी डॉलर मोजून तो सोडवून आणला.

म्हणून धाग्याचा मुद्दा एकच ठेवतो: गाण्याने नाव होतं, टीव्हीने पसरतं, पण पैसा टिकतो तो नावाचा कागद ज्याच्या कपाटात आहे त्याच्याकडे. जाणकारांनी आपापल्या भागाचं लिहावं. 'जिद्द हवी' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

अजिंक्यतारा

धागा चांगला आहे, पण क्रम कायम गाणं, टीव्ही, धंदा असाच असतो असं धरू नका. सोनू निगम यांनी १९९५ मध्ये झी टीव्हीवर 'सारेगम'चं सूत्रसंचालन हाती घेतलं. त्यांचा पॉप अल्बम 'दीवाना' १९९९ चा. म्हणजे मंच आधी, अल्बम नंतर. बाबा सहगल यांचं उलट. १९९२ मध्ये रॅपने नाव झालं, मग दूरदर्शनवर 'सुपरहिट मुकाबला'. शान यांचा 'तनहा दिल' २००० चा आणि त्याच सुमारास तेही 'सारेगम'च्या मंचावर. मराठीत अवधूत गुप्ते: पॉप अल्बमच्या लाटेतून आले, झी मराठीवर 'खुपते तिथे गुप्ते' केलं, आणि चित्रपटांच्या निर्मिती-दिग्दर्शनातही उतरले.

यामागचं कारण नशीब नव्हे, वाहिन्या. चॅनल व्ही १९९४ ला, एमटीव्ही इंडिया १९९६ ला आलं. गाण्याला चित्रफीत लागायला लागली आणि पहिल्यांदाच गायकाचा चेहरा विकायला आला. २००० नंतर पॉप अल्बमची बाजारपेठ आटली, पण ओळखीचे चेहरे राहिले. ते वाहिन्यांनी सूत्रसंचालनाला घेतले. गाणारा सूत्रसंचालक निर्मात्याला परवडतो, कारण तांत्रिक खोळंबा झाला तर तो प्रेक्षकांना दहा मिनिटं धरून ठेवतो.

आणि सांगलीकरांनी घरचं उदाहरण विसरू नये. आशा भोसले यांचा जन्म १९३३ चा, तेव्हाच्या सांगली संस्थानातल्या गोवारचा. 'आशाज' हे पहिलं उपाहारगृह दुबईत २००२ मध्ये निघालं, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

पडद्यामागचा

ऑडिशन आणि फ्लोअरचं लिहितो.

शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाची नमुना चित्रफीत, दीड मिनिटाची पुरे. पहिल्या वीस सेकंदांत गाऊ नका. गाता येतं हे निर्मात्याला माहीतच आहे. त्याला बघायचं असतं की तुम्ही समोरच्याचं ऐकता का. म्हणून आधी कॅमेऱ्याकडे बघून एक लिंक (कार्यक्रमाचे दोन तुकडे जोडणारं निवेदन), मग अनोळखी माणसाशी विनासंहिता दोन प्रश्न-उत्तरं, त्यात एक ठिकाणी समोरचा अडखळलाय आणि तुम्ही सांभाळून घेतलंय असा तुकडा, आणि शेवटी गाण्याच्या चार ओळी. मोबाईल आडवा धरायचा. घरच्या ट्यूबलाइटमध्ये चित्र थरथरतं किंवा आडवे पट्टे सरकतात, याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की पट्टे जातात. मोबाईल आपोआप ३० फ्रेम आणि १/६० वर गेला की परत येतात. मोफत मिळणारं एखादं कॅमेरा अॅप वापरून हे हाताने बांधून ठेवा, नाहीतर सरळ खिडकीच्या उजेडात शूट करा.

फ्लोअरवर सगळ्यात जड जातो तो टॉकबॅक. कानात कंट्रोल रूममधून दिग्दर्शक बोलत असतो, 'ब्रेकला तीस सेकंद, दुसऱ्या स्पर्धकाकडे वळ', आणि तुम्हाला तोंडाने वेगळंच वाक्य पूर्ण करायचं असतं. गायकांना कान देऊन ऐकायची सवय, त्यामुळे कानात कोणी बोललं की ते थांबतात. सराव असा: एका कानात रेडिओवरच्या बातम्या लावायच्या आणि मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं. बातमीतला एखादा आकडा कानावर पडला की वाचन न थांबवता तो बोटांनी दाखवायचा. हे जमलं की दहापासून उलटी मोजणी कानात चालू ठेवून वाक्य बरोबर शून्याला संपवायचं.

प्रॉम्प्टरच्या (कॅमेऱ्यासमोर संहिता दाखवणाऱ्या पडद्याच्या) ओळीत चार-पाच शब्दच ठेवायला सांगा. ओळ लांब असली की बुबुळं डावी-उजवीकडे फिरताना घरी बसलेल्याला दिसतात. मराठी संहिता रोमन लिपीत टाकलेली असेल तर बदलून मागा. 'ण' आणि 'न'ची गफलत तिथूनच होते. प्रायोजकाची ओळ शब्दशः करारातली असते, तिथे मनाने काही घालू नका. विनोद केला, टाळ्या पडल्या, तरी रीटेक.

संगीत स्पर्धांचे दिवसाला दोन-दोन, कधी तीन भाग उरकतात. त्यामुळे 'आठवड्यात दोन भाग' म्हणजे महिन्यातले मोजके दिवस, पण ते बारा-चौदा तासांचे, आणि तारीख आयत्या वेळी बदलते. जत्रेच्या हंगामात सुपाऱ्या घेतलेल्या गायकाची खरी कोंडी इथे होते.

कानसेन

वरच्या प्रतिसादाला +१. माईकचं मी घालते.

स्टेजवर हातातला माईक ओठांपासून दोन-चार सेंटिमीटरवर असतो, स्टुडिओत कॉलर माईक हनुवटीच्या खाली साधारण वीतभर. गायक पहिल्या दिवशी तोच जोर लावतात आणि आवाज फाटतो, किंवा साऊंडवाला पातळी इतकी खाली आणतो की पुढची हळू वाक्यं गुळमुळीत येतात. चाचणीला 'हॅलो, चेक' म्हणू नका. त्या दिवशीचं सगळ्यात मोठ्याने बोलायचं वाक्य बोलून दाखवा.

दागिने ही मोठी डोकेदुखी. ठुशी गळ्याला घट्ट बसते, तिचा त्रास कमी. कोल्हापुरी साज आणि लांब मंगळसूत्र माईकवर घासतं, मान हलली की 'टिक-टिक' येतं आणि ती संकलनात निघत नाही, कारण ती शब्दांवरच बसलेली असते. पैठणीचा किंवा कडक रेशमाचा पदर कुरकुरतो. उपाय साधा: सर्जिकल टेपचा चिकट बाजू बाहेर ठेवून समोशासारखा त्रिकोण करायचा, असे दोन त्रिकोण माईकच्या पुढेमागे लावायचे, म्हणजे कापड माईकवर सरकत नाही. वायरीचा एक छोटा वेढा देऊन तोही टेपने बांधायचा, ओढ बसली तर वेढ्यावर बसते. ट्रान्समीटर कमरेला मागे, मोबाईल त्याच्यापासून लांब.

गळ्याचं: गाण्याने थकत नाही इतका गळा बोलण्याने थकतो. गाताना श्वास मोजून घेतला जातो, बोलताना कोणी मोजत नाही. शिवाय टीव्हीचा उत्साह दाखवायला आवाजाची पट्टी आपोआप वर चढते. स्वतःची सहज पट्टी शोधायची तर तोंड मिटून 'हं' म्हणा, होकार देतो तसा. त्या आसपास बोला. शूटच्या मधल्या वेळात पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून त्यातून सूर सोडत बुडबुडे काढायचे, पाच मिनिटं. कुजबुजणं म्हणजे विश्रांती नव्हे, काही गळ्यांना ते उलट ताणतं. एसी स्टुडिओची हवा कोरडी, म्हणून घोट-घोट पाणी दिवसभर, एकदम तांब्याभर नव्हे.

रात्री जत्रेत ढोल-कीबोर्डच्या गोंगाटात तीन तास गाऊन सकाळी शूटला उभं राहू नये. गोंगाटात माणूस नकळत ओरडतो आणि ते त्या क्षणी जाणवत नाही. मध्ये एक पूर्ण दिवस सोडा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.

मिरजमळा

वाखू (वाचनखूण) साठवली. दोन शंका. यात्रेतल्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी म्हणायला परवानगी कोणी काढायची, गायकाने की यात्रा कमिटीने? आणि टीव्हीवर नाव झाल्यावर त्या गाण्यांचे पैसे गायकाला मिळतात का?

हिशेबनीस

आधी मिरजमळा यांच्या शंका, मग कर.

परवानगी आयोजकाने काढायची. शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था. मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर त्या मुद्रणाच्या मालकाचा परवाना वेगळा, बऱ्याच कंपन्यांचा तो पीपीएल या परवाने देणाऱ्या संस्थेकडून मिळतो. मायनस-वन ट्रॅक (गायकाचा आवाज वगळलेलं नुसतं संगीत) हेसुद्धा कोणाचं तरी मुद्रण आहे हे लक्षात असू द्या. खऱ्या धार्मिक विधीला आणि लग्नसमारंभाला कायद्यात सवलत आहे, पण यात्रेतल्या करमणुकीच्या मंचाला ती आपोआप लागू होते असं धरून चालू नका. सुपारी घेताना 'सर्व परवाने आयोजकाकडे' ही ओळ पावतीवर लिहून घ्या. त्यातच ध्वनिक्षेपकाची परवानगी आली. रात्री दहानंतर बंद. बारापर्यंतची सूट वर्षातले ठरावीक दिवसच, जास्तीत जास्त पंधरा, आणि ते दिवस शासन-प्रशासन जाहीर करतं, कमिटी नव्हे.

दुसरी शंका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गायकालाही सादरकर्ता म्हणून व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत हक्क आहे. त्यासाठी इस्रा ही संस्था झाली, आता इसाम्रा. गीत किंवा चाल स्वतःची असेल तर आयपीआरएसचं सभासदत्व वेगळं घ्यावं लागतं. दुसऱ्याचं गाजलेलं गाणं जन्मभर म्हटलं तरी त्यातून मंचावरच्या मानधनापलीकडे काही येत नाही. ज्याला पुढे ब्रँड काढायचाय त्याची दोन-चार तरी स्वतःची गाणी नोंदलेली हवीत.

आता जीएसटी. सेवेला नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख, निव्वळ मालाला ४० लाख. इथे हमखास घोटाळा होतो. एकाच पॅनवर गाणं आणि हळद दोन्ही असेल तर ४० लाखांची मर्यादा विसरा, सगळं मिळून २० लाख धरायचं. परराज्यात माल पाठवला तर मर्यादेचा प्रश्नच नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी. गाण्याच्या कार्यक्रमावर कर १८ टक्के. मात्र लोककला किंवा शास्त्रीय सादरीकरण असेल आणि त्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर माफ. म्हणजे पोवाडा, गोंधळ, लावणी सुटते, सिनेमाची आणि पॉप गाणी सुटत नाहीत. कलाकार एखाद्या ब्रँडचा सदिच्छादूत म्हणून गात असेल तर ही माफीही जाते. मिश्र कार्यक्रमाचं बिल 'ऑर्केस्ट्रा' एवढंच लिहून देऊ नका. आणि माफ झालेली रक्कमसुद्धा २० लाखांच्या मोजणीत धरतात हे बरेच जण विसरतात.

टीव्हीचा निर्माता मानधनातून १० टक्के टीडीएस कापतो. यात्रा कमिट्या सहसा रोख देतात. एका कार्यक्रमाचे दोन लाख किंवा त्याहून जास्त रोखीत घेणं बेकायदा आहे, बयाणा आणि उरलेली रक्कम मिळून.

हरिपूरकर

हळदीचं नाव वर निघालं म्हणून लिहितो, कारण इकडचा कोणीही नाव झालं की पहिली हळदच काढतो. हरिपूरच्या पेवांमुळे (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांमुळे) आणि मार्केट यार्डातल्या सौद्यांमुळे सांगलीचं नाव आधीच देशभर आहे, मग जाहिरात फुकट, असा हिशेब. पण 'सांगली हळद' या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचं चिन्ह पाकिटावर छापायचं तर त्या मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. यार्डातून खरेदी केली म्हणून चिन्ह छापता येत नाही. यार्डात बाहेरचा मालही येतो, हे यार्डातल्या कोणालाही विचारा.

पावडरीला कायद्याने ओलावा १० टक्क्यांच्या आत, कर्क्युमिनॉइड (हळदीला रंग देणारा घटक) किमान २ टक्के, आणि लेड क्रोमेट (भेसळीचा शिसेयुक्त पिवळा रंग) अजिबात नको. प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा दाखला घ्या आणि त्याच लॉटचा अर्धा किलो नमुना मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवा. तक्रार आली की भांडण या अर्ध्या किलोवर सुटतं.

दळताना चक्की तापली की वास उडतो. दोन टप्प्यांत दळा, आधी भरड, थंड होऊ द्या, मग बारीक. गरम पावडर लगेच पिशवीत भरली तर आत दमटपणा धरून गुठळ्या होतात. दळण्याआधी आणि नंतर चुंबकावरून काढा, चक्कीचा लोखंडी कीस येतो.

पारदर्शक पिशवी नको. उजेडाने रंग उतरतो, दुकानाच्या पुढच्या फळीवरची पाकिटं दोन-तीन महिन्यांत फिकट दिसायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे.

आता गायकांची ठरलेली चूक: पिशवीवर स्वतःचा मोठा फोटो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो. फोटो म्हणजे चारही रंग, वर ब्रँडचा पिवळा वेगळा. सिलिंडरचा खर्च आणि किमान छपाईची अट धरली तर पहिल्याच खेपेला वर्ष-दीड वर्षाच्या पिशव्या गळ्यात पडतात. मध्ये कार्यक्रम बदलला, केशरचना बदलली, वजन बदललं की सगळे सिलिंडर नव्याने. म्हणून सुरुवातीला दोन रंगांची साधी पिशवी आणि फोटोचं वेगळं स्टिकर. पत्ता, कमाल किंमत, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, लॉट क्रमांक, ग्राहक तक्रारीचा फोन, चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांक हे सगळं दुसऱ्याकडून दळून घेतलं तरी लागतंच. तेव्हा 'उत्पादक' आणि 'विक्रेता' दोघांची नावं लिहायची. 'प्रतिकारशक्ती वाढवते' वगैरे लिहू नका. अन्नपदार्थाच्या दाव्यांचे वेगळे नियम आहेत.

पडद्यामागचा

हरिपूरकर काका, स्टिकरचा मुद्दा एक नंबर. वाहिनीबरोबरचा करार चालू असताना कार्यक्रमाच्या वेशातला फोटो पिशवीवर टाकला तर त्या फोटोचा हक्क बहुधा निर्मात्याकडे असतो. तो काढा म्हणाला की पिशव्या जाळायच्या का?

तारीख पे तारीख

वकिली बाजू माझी.

करारातली पाच कलमं आधी वाचा, मानधन नंतर. एक, अनन्यता: 'कराराच्या काळात इतर कोणत्याही वाहिनीवर किंवा डिजिटल माध्यमात' असं लिहिलेलं असतं, स्वतःचं यूट्यूब आणि मंचावरचे कार्यक्रम त्यातून नाव घेऊन वगळून घ्या. दोन, पुढच्या पर्वाचा पहिला हक्क: तो निर्मात्याकडे असला तर त्याने किती दिवसांत कळवायचं ते लिहा, नाहीतर तुम्ही लटकलेलेच. तीन, नाव-चेहरा-आवाज: फक्त कार्यक्रम आणि त्याच्या प्रसिद्धीपुरता, विक्रीच्या वस्तूंना नाही. चार, स्पर्धक उत्पादनं: कार्यक्रमाचा प्रायोजक मसाल्याचा असेल तर तुमची हळद अडकते. प्रायोजक बदलू शकतो म्हणून 'करारापूर्वी चालू असलेला कलाकाराचा व्यवसाय वगळून' ही ओळ घाला. पाच, आवाजाची कृत्रिम प्रत. हे कलम हल्ली वाढलंय. अरिजित सिंह यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये परवानगीशिवाय आवाजाची कृत्रिम नक्कल करायला मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. पण सही करून तुम्हीच परवानगी दिली असेल तर न्यायालय काय करणार?

ट्रेडमार्क. वर्ग ४१ करमणूक, ३० मसाले, ३ सौंदर्यप्रसाधनं, २५ कपडे-चपला, ४३ उपाहारगृह. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये सरकारी शुल्क, कंपनीला (ती स्टार्टअप किंवा लघुउद्योग नसेल तर) ९,०००. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने हरकतीला. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. देवनागरी आणि रोमन दोन्ही लेखनांचा विचार करा. नोंदणी व्हायच्या आधी गोलातला आर छापणं गुन्हा आहे, तोवर टीएम छापा. आणि सगळे पंचेचाळीस वर्ग भरून ठेवू नका. पाच वर्षांहून जास्त न वापरलेली नोंद दुसरा कोणी काढून टाकायला लावू शकतो.

आता धागाकर्त्याच्या मुद्द्यावर. ट्रेडमार्क गायकाने स्वतःच्या नावावर घ्यावा, धंद्यासाठी वेगळी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) काढावी, आणि कंपनीला नाव वापरायचा लेखी परवाना द्यावा. परवान्यात लिहायचं की कंपनी बुडाली, भागीदार बदलला किंवा माल निकृष्ट निघाला तर परवाना रद्द. बँका कर्ज देताना ट्रेडमार्क तारण मागतात, तिथे सावध. सिम्पसन यांच्या बाबतीत बहुतांश हिस्सा दुसऱ्याच्या ताळेबंदात होता, म्हणून त्यांना पैसे मोजावे लागले.

अजून एक. दुसऱ्याच्या मालाची जाहिरात केली आणि ती दिशाभूल करणारी ठरली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली जाहिरात करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आणि वर्षभर जाहिरातबंदी होऊ शकते. पुन्हा घडलं तर पन्नास लाख आणि तीन वर्षं.

अवांतर: ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापूरला बसतंय, सांगली-सातारा त्याच्याच अखत्यारीत. मुंबईच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतील.

अजिंक्यतारा

मग गायकाने कारखाना-चक्कीच्या भानगडीत पडूच नये. नाव भाड्याने द्यावं, रॉयल्टी घ्यावी, मोकळं व्हावं. सिम्पसनने तरी सुरुवातीला तेच केलं ना?

हिशेबनीस

आकडे मांडून बघू. समजा पाकिटाची छापील किंमत १०० रुपये. दुकानदाराला २० टक्के सोडले, उरले ८०. वितरकाचे ८ टक्के गेले, सुमारे ७४. त्यातून ५ टक्के जीएसटी वजा, कंपनीच्या हातात साधारण ७०. हळद, दळण, पिशवी मिळून ४५ धरा, वाहतूक ४, परत आलेला-खराब माल ३. राहिले १८, त्यात पगार, भाडं, जाहिरात. इथे नाव असलेल्या माणसाचा फायदा असा की जाहिरात जवळजवळ फुकट, म्हणून १८ मधले दहा-बारा हाती राहू शकतात. पण यार्डात हळद क्विंटलला दोन हजारांनी चढली की २०० ग्रॅमच्या पाकिटामागे चार रुपये गेले, आणि छापील किंमत लगेच बदलता येत नाही.

परवान्यात ७० वर ६ टक्के धरले तर चार रुपये वीस पैसे. थोडे, पण भांडवल शून्य, भावाची चिंता शून्य. फक्त त्यात मिनिमम गॅरंटी हवी, म्हणजे माल खपो न खपो, वर्षाची ठरलेली रक्कम. तिमाही विक्रीचा तक्ता हवा, वर्षातून एकदा हिशेब तपासायचा हक्क हवा. 'निव्वळ विक्री'ची व्याख्या करारात नीट लिहा. तिथे सवलती, योजना, परतावा असं काय काय वजा करून चार रुपयांचे दोन करतात.

कृष्णाकाठ

माझं मत दोघांच्या मधलं. पहिली दोन-तीन वर्षं परवाना, पण एकाच वस्तूपुरता आणि एकाच वर्गात. सगळे वर्ग एकाच कंपनीला देऊन बसू नये. नावावर सगळंच खपतं हाही भ्रम आहे. रिहानाचं उदाहरण घ्या. तिची सौंदर्यप्रसाधनं २०१७ मध्ये फाउंडेशनच्या ४० छटा घेऊन आली, सावळ्या आणि काळ्या रंगाच्या अनेक बायकांना आपली छटा सापडली, आणि ती धडाक्यात चालली. त्याच नावाचं महागड्या कपड्यांचं घराणं २०१९ ला निघालं आणि २०२१ ला थांबवलं. गायिका तीच, चाहते तेच.

कानसेन

धागा वर काढतेय, एका शंकेसाठी. ऑर्केस्ट्राच्या मालकाने दिलेल्या नावाने गायिका प्रसिद्ध झाली असेल, म्हणजे फलकावर 'अमुकतमुक क्वीन' असं काही, आणि आता तिला तेच नाव ट्रेडमार्क करायचंय. मालक हरकत घेऊ शकतो का?

तारीख पे तारीख

घेऊ शकतो, आणि कधी कधी जिंकतोही. ऑर्केस्ट्राचं नाव मालकाचं, त्यात शंका नाही. गायिकेचं टोपणनाव कोणाचं हे कागदावर ठरलेलं नसेल तर वापर बघितला जातो: ते नाव फक्त त्याच्या मंचावर होतं, की तिने बाहेरही त्याच नावाने कामं केली? म्हणून दोन रस्ते. मालकाशी बोलून पाचशेच्या स्टॅम्पवर 'या नावावर माझा हक्क नाही' असं लिहून घ्या, बदल्यात हंगामातल्या चार तारखा द्या हवं तर. नाही जमलं तर टोपणनाव सोडा आणि स्वतःचं नाव-आडनाव एका ठरावीक अक्षरवळणात नोंदवा. नुसतं आडनाव टिकायला अवघड, नावासकट चिन्ह केलं की सोपं जातं.

अर्जात 'वापर कधीपासून' असा रकाना असतो. तिथे बरेच जण घाईत 'वापर करण्याचा विचार आहे' हा पर्याय टाकतात आणि मागची सगळी वर्षं हातची घालवतात. वर्ग ४१ मध्ये गाण्याचा वापर आधीपासूनचा असतो, तो दाखवा. हळदीच्या वर्ग ३० मध्ये मात्र खरोखर विक्री सुरू झाली असेल तरच तारीख टाका. पुरावा म्हणून यात्रेची छापील पत्रकं, सुपारीच्या पावत्या, गणेश मंडळाच्या अहवालातली पानं चालतात, फक्त त्यांवर नाव आणि तारीख दोन्ही हवं. व्हॉट्सॲपवरचं पोस्टर असेल तर मूळ फाईल ठेवा. पुढे पाठवलेल्या प्रतीवरून ते कधी तयार झालं हे सिद्ध करता येत नाही.